कायमचा कप्पा

नोंदीचा क्रमांक उमटतो तो चौकोन पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो, टपालाच्या तिकिटाएवढा. सराव-नोंदणीच्या त्या चौकोनात मागच्या शुक्रवारी दोन आकडे होते. मंगळवारी सकाळी शालेश्नीने सरावाचा सर्व्हर पुन्हा चालू केला, ‘पपई’ नावाची एक खोटी मुलगी भरली, बटण दाबलं आणि चौकोनात 1 आला. तो मधोमध नव्हता. उजव्या कडेला चिकटून होता, आणि त्याच्या डावीकडे कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी पांढरी जागा होती. तिने आधी चष्मा पुसला. मग बाकीची खोटी मुलं शोधली. आंबा, फणस, दालो म्हणजे इथलं अळू, भेंडी. नव्या परिचारिकांना हात बसावा म्हणून तिनेच हसत हसत घातलेली नावं होती ती. कुणीच सापडलं नाही. पपई एकटी होती, वय नऊ, गाव नाही, पुढच्या इंजेक्शनची तारीख महिन्याभराने. भीती वाटायच्या आधी शालेश्नीला जिभेखाली गार लागलं, लहानपणी चमचा चोखत बसल्यावर लागायचं तसं. सोमवारची सुट्टी जोडून आली होती, उगाच भाडं कशाला म्हणून तिने तो सर्व्हर शुक्रवारी बंद करून ठेवला होता. एवढंच झालं होतं. बंद केला आणि चालू केला. आणि त्याला काहीच आठवत नव्हतं.

खरा सर्व्हर कधीच बंद झालेला नव्हता. आज गुरुवार होता, आणि नेमकं त्याच गोष्टीसाठी पलीकडच्या खोलीत चटई अंथरली जात होती. दरवर्षी या दिवशी दुपारी काम आटोपून सगळे त्या चटईवर बसत, ग्रॉग म्हणजे मुळ्यांच्या भुकटीचं पेय कालवत, आणि न थांबलेल्या सर्व्हरचा वाढदिवस साजरा करत. नोंदणी ज्याने बांधली त्या सेमीची ही पद्धत. केक नाही, मेणबत्ती नाही. तानोआत, म्हणजे पसरट लाकडी भांड्यात, मातकट पाणी, नारळाच्या करवंटीतून एकेकाने प्यायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि मग सेमीने वर्षभराची गोष्ट सांगायची, कुठलं वादळ आलं, कुठल्या बेटावरची वीज किती दिवस गेली, आणि तरी आपला तो कसा उभा राहिला. भिंतीपलीकडून सामान सरकवल्याचे आवाज येत होते. सिस्टर उलामिला कुणाला तरी सांगत होती की बादली धुतलेली नाही, वास येतोय. खिडकीतला एसी वायमानू रस्त्याच्या चढावर थेंब थेंब गाळत होता. शालेश्नीच्या टेबलावर रोटी पार्सल तसंच होतं, कागदाला तेलाचा डाग वाढत चाललेला. सिडनीतल्या कुठल्याशा इमारतीत, जिथे आपल्यापैकी कुणीही कधी गेलेलं नाही, तो आत्ता चालू आहे, असं तिच्या मनात आलं. उद्या सकाळी तो थांबेल.

तशी सूचना सोमवारीच आली होती. क्लाउड कंपनीचा मजकूर नम्र होता. आपला सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो ते जुनं झालं आहे, शुक्रवारी सकाळी ते काढून टाकण्यात येईल, सर्व्हर आपोआप दुसऱ्या यंत्रावर चालू होईल, कायमच्या डिस्कवरची माहिती सुरक्षित राहील. सेमीने ती सगळ्यांना पुढे पाठवली होती आणि वर दोन शब्द लिहिले होते: चिंता नको. शालेश्नीनेही ती वाचून खाली सरकवली होती. चिंता करण्यासारखं काही नव्हतंच. मंगळवारी तो 1 दिसल्यावर तिने सूचना पुन्हा उघडली, तेव्हा त्यातला ‘कायमच्या’ हा एकच शब्द तिला दिसू लागला. क्लाउडमधल्या अशा सर्व्हरला दोन कप्पे असतात. एक तात्पुरता, यंत्राच्या अंगालाच जोडलेला, अतिशय चपळ; यंत्र सुटलं की तोही सुटतो, पुढच्या वेळी मिळतो तो दुसरा, कोरा. दुसरा कायमचा, थोडा संथ, वेगळ्या जागी ठेवलेला. यंत्रं बदलली तरी तो मागून येतो. कशात काय ठेवायचं ते एका ओळीत लिहिलेलं असतं. सराव-सर्व्हर सेमीच्याच साच्यातून काढलेला होता, म्हणून तिने आधी त्याची ओळ पाहिली. तात्पुरता. मग खऱ्याची पाहिली, खूप सावकाश, एकेक अक्षर दाबत, जणू जोराने दाबलं तर ओळ बदलेल. तात्पुरता. कायमचा कप्पा जोडलेला होता. त्याचं भाडं दर महिन्याला जात होतं. तिने तो उघडला आणि आत काहीच नव्हतं.

रिकाम्या जागेलाही एक आवाज असतो असं तिला वाटलं, आणि वाटल्याचा लगेच रागही आला, कारण अशा वाक्यांवर तिचा विश्वास नव्हता. ती रसायनशास्त्र शिकलेली होती. मोजता येतं ते तिला आवडे. तिने मोजायचं ठरवलं आणि रोजच्या राखीव प्रती उघडल्या. रोज पहाटे एक प्रत निघे आणि सगळ्यांना निरोप येई: प्रत यशस्वी. हा निरोप न वाचता पुसायची सगळ्यांना सवय होती. उलामिला म्हणायची, हा आमच्या पाद्र्यासारखा आहे, रोज तेच सांगतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो. प्रती रोज निघत होत्या हे खरं. त्या कायमच्या कप्प्याच्या निघत होत्या. रात्रीमागून रात्र कुणीतरी एक रिकामी खोली मन लावून झाडत होतं, कुलूप लावत होतं आणि सकाळी कळवत होतं की काहीही चोरीला गेलेलं नाही. एकेक प्रत इतकी हलकी होती की तिच्यात पपईसुद्धा मावली नसती. त्यात खोटं काही नव्हतं. जे सांगितलं ते केलं होतं. ते सगळ्यात वाईट होतं.

आणि नोंदणीत काय होतं, तर मुलं होती. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, आई म्हणते वाढीचं दुखणं आहे. पण ताप जाता जाता हृदयाच्या झडपेला चावून जातो. पुन्हा आला की पुन्हा चावतो. तो येऊ नये म्हणून दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कुल्ल्यात, जाड औषध, दुखरं. मुलं त्या दिवशी आंब्याच्या झाडावर चढून बसतात आणि परिचारिका खाली उभी राहून त्यांच्याशी बोलते. एखाद्या महिन्यात चुकलं तर काही होत नाही. कधीकधी काही होत नाही. बेटाबेटांवरच्या परिचारिकांच्या फोनवर रोज सकाळी नावं येत, आज कुणाची पाळी, कोण मागच्या खेपेला आलं नाही, कोण मामाकडे दुसऱ्या बेटावर गेलंय. पूर्वीची कार्डं आरोग्यकेंद्रांनी केव्हाच लिहायची सोडली होती, कारण आता नोंदणी होती. बुधवारी शालेश्नीने उलामिलाला सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एक दिवस फोनवर नावं आलीच नाहीत, तर तुला किती आठवतील. उलामिला तेव्हा संत्रं सोलत होती. माझ्या भागातली सगळी, ती म्हणाली, आयांसकट आणि त्यांच्या भांडणांसकट. मग थोडं थांबून म्हणाली, पण लांबच्या बेटांवर तर आता पोरी नव्या आहेत, त्यांना फोनच सांगतो. आणि जी मुलं शाळेसाठी इकडे आली, तिकडची तुटली आणि इकडची अजून ओळखीची नाहीत, ती कुणालाच आठवायची नाहीत, ती मग ताप घेऊनच येतील. तिने एक फोड शालेश्नीला दिली. शालेश्नीने ती तोंडात ठेवली आणि बराच वेळ चावली नाही.

जी मुलं शाळेसाठी इकडे आली. उलामिलाने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण या ऑफिसात ते वाक्य म्हटलं की भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं नाही असा एक न ठरवलेला नियम होता. फोटोत सेमीची धाकटी बहीण होती, वासिती, शाळेच्या झग्यात, डोळे बारीक करून. ती बेटावरून इकडे राजधानीत, सुव्हाला, शिकायला आली आणि तिची इंजेक्शनं बेटावर राहिली. इथे कुणाला माहीत नव्हतं, तिथे कुणाला वाटलं की इथे माहीत असेल. सोळाव्या वर्षी चर्चच्या गाण्यात उभी असताना ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. त्यानंतर सेमी सरकारी खात्यातली बरी नोकरी सोडून या लहानशा संस्थेत आला आणि त्याने नोंदणी बांधली. खरं तर त्याने बांधली होती ती तीन महिन्यांची चाचणी. चाचणीला कायमचं काय करायचंय, चपळ हवं, म्हणून त्याने तात्पुरता कप्पा धरला असणार. तिनेही तेच केलं असतं. मोठं काम नंतर नीट होणार होतं. मग चक्रीवादळ आलं. आरोग्यकेंद्रांची छपरं उडाली, कागद चिखलात गेले, आणि परिचारिकांच्या हातात चालू असलेली एकच गोष्ट राहिली, ती चाचणी. त्यांनी तीत खरी मुलं भरायला सुरुवात केली. कुणी कुणाला विचारलं नाही. छप्पर नसताना कुणी कसली परवानगी विचारत नाही. सेमी त्या आठवड्यात झोपला नव्हता असं सांगतात, जनरेटरच्या आवाजात बसून त्याने ती उभी ठेवली. नंतर कधीतरी त्याने कायमचा कप्पा विकत घेतला, जोडला, रोजच्या प्रती लावल्या, सगळं केलं. फक्त ती एक ओळ बदलायची राहिली, कारण ओळ बदलायला सर्व्हर थांबवावा लागतो, आणि तोपर्यंत त्याला न थांबण्याचा अभिमान वाटू लागला होता.

अभिमान कसा वाटू लागतो ते शालेश्नीला माहीत होतं. बा नावाच्या गावात साखर कारखान्याबाहेर उसाच्या लॉऱ्यांची रांग लागे, संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि त्या रांगेत तिच्या पप्पांची लॉरी एकटीच अशी होती जिचं इंजिन कधी बंद होत नसे. स्टार्टर गेलेला होता. एकदा बंद पडली की ढकलल्याशिवाय चालू होत नसे, आणि ऊस भरलेली लॉरी ढकलणार कोण. म्हणून पप्पा ती हंगामभर चालूच ठेवत, जेवताना, आंघोळीला जाताना, देवळात जातानासुद्धा, बाहेर धडधडत उभी. सुरुवातीला त्यांना त्याची लाज वाटे. मग लोक थट्टा करू लागले, मग थट्टेत कौतुक मिसळलं, आणि पुढे पुढे पप्पाच सांगू लागले की माझं इंजिन थांबत नाही. शालेश्नी केबिनमध्ये झोपायची. सीटची थरथर तिच्या दातांत शिरायची, कवटीत शिरायची; घरी खाटेवर सगळं स्थिर असलं की तिला झोप येत नसे. एका हंगामात इंजिन रांगेतच आपलं आपण थांबलं. तिला तो क्षण आवाजाने आठवत नाही, शरीराने आठवतो. दात एकाएकी आपापले झाले. पप्पांनी किल्ली फिरवली नाही, उतरले नाहीत, काचेतून समोर बघत राहिले. मागचा लॉरीवाला आधी हसला, मग त्याने हॉर्न दिला, मग सगळ्या रांगेने दिला. पप्पांच्या मानेवरची शीर तिला दिसत होती आणि ती म्हणू शकली असती की मी उतरून कुणाला तरी बोलावते. ती काही बोलली नाही. तिला वाटलं, आपण बोललो तर ते झालंय हे नक्की होईल.

बुधवारी दुपारी तिने गुपचूप प्रयत्न करून पाहिला होता. सर्व्हर चालू असतानाच त्याच्या पोटातलं सगळं हळूहळू ओढून कायमच्या कप्प्यात उतरवायचं, कुणाला कळू न देता, आणि मग एखाद्या संध्याकाळी सेमीला सांगायचं की हे असं होतं, मी नीट केलं. ती कल्पना तिला इतकी आवडली होती की तिने तिचा संशय घ्यायला हवा होता. प्रत सुरू झाली आणि सर्व्हर धापा टाकू लागला. तो चाचणीपुरता घेतलेला, लहान. वर्षानुवर्षांच्या मुलांनी काठोकाठ भरलेला. परिचारिकांचे फोन अडकू लागले, दोघींनी ऑफिसला फोन करून विचारलंही. आणि मग तिला रखवालदार आठवला. सेमीने बाहेर एक रखवालदार प्रोग्राम बसवलेला होता: सर्व्हर काही मिनिटं उत्तर देईनासा झाला तर तो मेला असं समजायचं, त्याला काढून टाकायचं आणि त्याच साच्यातला नवा, ताजा, कोरा उभा करायचा, म्हणजे सेवा थांबायला नको. इतक्या वर्षांत रखवालदाराला कधी उठावं लागलं नव्हतं. शालेश्नीने घड्याळाकडे पाहिलं नाही. प्रत अर्ध्यात तोडली. सर्व्हर शुद्धीवर आला. तिच्या ब्लाउजची पाठ ओली झाली होती. वाचवायला हात लावला तर मरतो, आणि न लावला तर शुक्रवारी मरतो. मध्ये एकच वाट होती: आधी रखवालदाराला उठवून घरी पाठवायचं, मग सगळ्या बेटांवरच्या नोंदी थांबवायच्या, सर्व्हरच्या अंगावरचं सगळं ओझं काढायचं, आणि मग प्रत घ्यायची. पण रखवालदाराची किल्ली एकट्या सेमीकडे होती. तिने स्वतःशी तेव्हा कबूल केलं नाही, पण तिथेच गोष्ट तिच्या हातातून सुटून तोंडाशी आली होती.

त्या संध्याकाळी सेमीने तिला गाडीतून बस-स्टँडपर्यंत सोडलं. पाऊस नुसता चिकटत होता. आता सांगावं, तिने ठरवलं, पुढच्या वळणावर, वळण गेलं. मग सेमी आपणहूनच बोलू लागला, की शेजारच्या एका देशातून विचारणा आली आहे, आपली नोंदणी ते तशीच्या तशी घेणार, साच्यासकट. तो पुढे बघत म्हणाला, वासितीचं नाव द्यावं का गं तिला, की ते फार होईल. शालेश्नी म्हणाली, नाही, फार होणार नाही. गाडीतून उतरताना तिने थँक्यू म्हटलं. रात्रभर ती तेच शब्द ऐकत राहिली, फार होणार नाही, फार होणार नाही. तिला सेमीला दुखवायची भीती वाटत होती असं म्हणणं सोपं होतं. पण पहाटे तिने ते तपासलं तेव्हा तळाशी वेगळंच सापडलं. तिला ते वाक्य उच्चारणारी व्हायचं नव्हतं. कुणीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कंपनीने पत्र पाठवून सांगितलं असतं तरी.

उलामिलाने सांगितलं असतं तर सगळ्यात बरं. उलामिला आणि सेमी तौवू होते. दोघांच्या प्रांतांचे मूळ पुरुष म्हणे एकाच देवाचे वंशज, आणि तौवूंनी एकमेकांना काहीही बोलावं, ऐकणाऱ्याने राग धरायचा नाही, हा तिथला नियम. उलामिलाने सेमीच्या डब्यातलं मासळीचं डोकं परस्पर उचलून खाल्लेलं शालेश्नीने पाहिलं होतं, आणि वासितीच्या दफनाच्या दिवशीसुद्धा तिने त्याला सूट कुणाचा चोरलास असं विचारलं होतं आणि तो त्या दिवसात तेवढा एकदाच हसला होता, असंही ऐकलं होतं. दुखवायचा परवाना होता तिच्याकडे, जन्माने मिळालेला. शालेश्नीच्या खापरपणज्याला ऊस तोडायला आणलं गेलं तेव्हा बोटीवर असले परवाने वाटले गेले नव्हते. तिची माणसं एकमेकांना दुखवत ती चोरून, वर्षभर अबोला धरून. काल संत्र्याच्या वेळी तिच्या ओठांवर आलं होतं की उला, तू सेमीला थट्टेत एक गोष्ट सांगशील का. पण थट्टेत सांगितलं तर तो हसणार. परवान्याची तीच अडचण होती.

सकाळपासून सेमी आरोग्य खात्यात बैठकीला गेला होता. तो आला तो थेट चटईच्या खोलीकडेच, हातात टाय, आणि दारातून ओरडला की शालेश, चल, बाळाचा वाढदिवस आहे. ती उठली. पडद्यावर तिने लिहून ठेवलेल्या आज्ञा एकाखाली एक तयार होत्या, शेवटचं बटण तेवढं दाबायचं होतं, आणि ते दाबण्याआधी बोलायचं होतं. ती आत जाऊन भिंतीला टेकून मांडी घालून बसली. ऑफिसातले बाकीचे दाटीवाटीने बसले होते. उलामिला तानोआपुढे बसून कापडातून ग्रॉग पिळत होती आणि म्हणत होती की पाणी कमी घातलंय, आमच्या तौवूला पचलं नाही तर त्याला त्याच्या बेटावर परत पाठवा, तिथे अजून बोटीला इंजिन नाही, म्हातारीला शिडावर फुंकायला बसवतात. सेमी म्हणाला, म्हातारी तरी आहे आमच्याकडे, तुमच्याकडची पहिल्या मिशनऱ्याबरोबर पळून गेली. सगळे हसले. करवंटी फिरू लागली. एकाने घ्यायची, टाळी, बाकीच्यांनी गप्प बसून बघायचं, तो प्यायला की तीन टाळ्या. त्या गप्प बसण्यात रस्त्यावरची बस चढ चढताना ऐकू येत होती. शालेश्नीची पाळी आली, ती प्यायली. मातीची चव, मग ओठ आणि जिभेचं टोक हळूहळू आपलं नसल्यासारखं होत गेलं. बरं झालं, तिला वाटलं, आता बोलताच येणार नाही. आणि त्या विचाराचा निलाजरेपणा तिला स्पष्ट दिसला.

सेमीने गोष्ट सांगितली. यंदाची वादळं, वीज गेलेली बेटं, समुद्राखालची तुटलेली केबल. त्याचा आवाज खाली आला होता, ग्रॉगने येतो तसा, मऊ. तो म्हणाला की परवा एका बाईने मला विचारलं, याच्यात एवढं काय आहे, मी म्हटलं, काही नाही, फक्त हा विसरत नाही. मग उलामिलाने करवंटी भरता भरता मान वर न करता म्हटलं, “अरे तौवू, इतकी वर्षं जो चटईवरून उठला नाही, तो जिवंत आहे का ते एकदा हलवून तरी बघितलंस?”

सगळ्यात मोठ्याने सेमी हसला. मागे रेलून, मांडीवर थाप मारून हसला, डोळे पुसले. बाकीचेही हसत होते आणि शालेश्नीने पाहिलं की तिचाही चेहरा हसतोय, गाल वर गेलेत. बोलून झालं होतं. जे बोलायचं होतं ते खोलीच्या मधोमध ठेवून झालं होतं, आणि ते करवंटीसारखं सगळ्यांच्या हातांतून फिरून रिकामं परत गेलं होतं. आता पुन्हा म्हणायचं तर हसू काढून म्हणावं लागणार होतं. तिला वासितीची आठवण झाली, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. इथे वाटलं तिथे माहीत असेल, तिथे वाटलं इथे माहीत असेल, दोन्हीकडची माणसं भली होती. कुणीही काही लपवलं नव्हतं. फक्त कुणी उठून सांगितलं नव्हतं. मंगळवारपासून आजपर्यंत तिच्या एकटीच्या पोटात किती मुलं बसलेली होती, झाडावर चढून, खाली कोण बोलतंय का बघत.

सेमीने करवंटी तिच्याकडे वळवली. पद्धतीप्रमाणे यंदा तिची पाळी होती, बाळाला दोन शब्द आशीर्वाद द्यायची. बोल, तो म्हणाला, तू कधी बोलत नाहीस. तिने करवंटी घेतली आणि प्यायली नाही. ती खाली चटईवर ठेवली, आणि असं कुणी करत नाही, म्हणून खोली आपोआप गप्प झाली.

“सेमी, मी थट्टा करत नाहीये,” ती म्हणाली. जीभ जड होती. शब्द तिला एकेक करून ठेवावे लागत होते. “कायमचा कप्पा रिकामा आहे. पहिल्यापासून रिकामा आहे. मुलं सगळी तात्पुरत्यात आहेत. रोजची प्रत रिकाम्या कप्प्याची निघते. मी मंगळवारी बघितलं.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. सेमी हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत ती ओळ तिला दिसली, त्याने कधीतरी लिहिलेली, बदलायची ठेवलेली, वादळाच्या त्या आठवड्यात जनरेटरच्या आवाजात मागे पडलेली. ती आता त्याला आठवत होती, अक्षर अन् अक्षर. त्याच्या मांडीवरचा टाय चटईवर घसरला. मंगळवारी, तो म्हणाला, एवढंच, आणि ते विचारणं होतं की नुसतं म्हणणं, ते कळलं नाही. हो, ती म्हणाली. उलामिलाने पिळायचं कापड पाण्यात सोडून दिलं होतं आणि ती एकदा एकाकडे, एकदा दुसऱ्याकडे बघत होती. उद्या सकाळी सिडनीत ते यंत्र काढतील, सेमी जवळजवळ कुजबुजला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळलं आणि तो घाईने उठू लागला, की आपण कंपनीला फोन करू, त्यांना थांबवायला सांगू, एक आठवडा मागू, त्याला हात लावायचा नाही, तो चालू राहिला पाहिजे, काहीही झालं तरी तो चालू राहिला पाहिजे. बाकीचेही हो हो म्हणत अर्धवट उठले. खोलीत एकदम सगळ्यांना काहीतरी करायचं होतं, आणि ते सगळं एकच होतं.

“नाही,” शालेश्नी म्हणाली.

तिला आपला आवाज ओळखू आला नाही. तो मोठा नव्हता. पप्पांच्या मानेवरची शीर, हॉर्न, काच, हे सगळं क्षणभर मध्ये येऊन गेलं, आणि मग समोर फक्त सेमी होता, गुडघ्यावर, ना बसलेला ना उठलेला.

“आज वाचला तर पुढच्या महिन्यात जाईल. त्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणूनच हे झालंय. आधी तुम्ही रखवालदार काढा, सेमी, आत्ता, माझ्यासमोर. उला, सगळ्या बेटांवर सांग, नोंदी थांबवा, आजची नावं हाताने लिहून ठेवा. मी प्रत घेते. ती दुसरीकडे उघडून बघू, एकेक बेट मोजून बघू, सगळी मुलं आलीत का. आणि आली की ती ओळ बदलायची आणि याला उद्यापर्यंत ठेवायचं नाही.” तिने श्वास घेतला. “आपण बंद करायचा. आपल्या हाताने. आज.”